झिरोचे १/७२ किट: अभ्यास कसा करायचा, बारकावे कुठे भरायचे

मित्सुबिशीचे झिरो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले जपानी नौदलाचे लढाऊ विमान, प्लास्टिकच्या प्रतिकृती करणाऱ्या बहुतेकांच्या हाती पहिल्या दोन-चार किटांमध्येच येते. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढे माप. किट स्वस्त असते, सुटे भाग मोजके असतात आणि रंगसंगती सोपी दिसते. तरीही पुरी झालेली बहुतेक झिरो चुकीची असतात. चूक हातकौशल्यात नसते, ती सुरुवातीलाच झालेली असते. "झिरो करायचे" एवढेच ठरवून किट उघडले की एका नमुन्याचे पंख, दुसऱ्याची रंगसंगती आणि तिसऱ्याची झीज एकाच विमानावर येऊन बसते. म्हणून आधी एक ठरावीक विमान आणि एक ठरावीक तारीख निवडायची. रंग कोणता, पोटाखालची जादा इंधनटाकी लावायची की नाही, काजळी किती, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मग त्या तारखेला विचारायची.

या लेखासाठी बी-२-१२० हे विमान घेतले आहे. शेपटीवर रोमन लिपीतले बी, मग रोमन आकड्यातले दोन, मग १२०. हिर्यू या विमानवाहू जहाजावरचे हे झिरो मॉडेल २१. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यात शिगेनोरी निशिकाइची हा वैमानिक ते चालवत होता. मार लागल्यावर त्याने ते नीहाउ बेटावर कसेबसे उतरवले. त्याचे अवशेष आज हवाईतल्या फोर्ड बेटावरच्या विमानसंग्रहालयात आहेत. नवशिक्यासाठी याहून चांगली निवड क्वचितच मिळेल, कारण तारीख, जहाज, वैमानिक आणि प्रत्यक्ष धातू, चारही गोष्टी हाताशी आहेत.

आधी नमुना ओळखा

जपानी नौदलाने हे विमान १९४० मध्ये स्वीकारले. जपानी राजवंशाच्या कालगणनेनुसार ते २६०० वे वर्ष, त्यातल्या शेवटच्या शून्यावरून "झिरो" हे नाव आले. मॉडेल २१ ओळखण्याच्या खुणा अशा: पंखांची टोके गोल, पंखांचा पसारा १२ मीटर, आणि प्रत्येक टोकाचा ५० सेंटीमीटरचा तुकडा वर दुमडणारा, म्हणजे जहाजाच्या लिफ्टमध्ये विमान मावते. इंजिन साकाए १२, त्याला हवा घेणारे तोंड काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या गोल आवरणाच्या, खालच्या बाजूला. मॉडेल ३२ मध्ये साकाए २१ आले, ते तोंड वर गेले आणि पंखांची टोके चौकोनी छाटली गेली. मॉडेल ५२ ची टोके पुन्हा गोल आहेत, पण पसारा ११ मीटरच, आणि धुराड्याच्या नळ्या सुट्या सुट्या बाहेर येतात. मॉडेल २१ ला दोन्ही बाजूंना एकेकच नळी असते. खोक्यावर "पर्ल हार्बर" लिहिलेले आणि आत सुट्या नळ्या असतील, तर ते किट परत ठेवा.

आणखी एक बारीक खूण पंखांतल्या २० मिलिमीटर तोफांची. मॉडेल २१ च्या तोफा आखूड नळीच्या होत्या. पंखाच्या पुढच्या कडेला फक्त भोक दिसते, बाहेर नळी येत नाही. तिथे लांब नळी चिकटवली की विमान एका झटक्यात दोन वर्षांनी म्हातारे होते.

किटचे माप घ्यायला फूटपट्टी आणि भागाकार पुरतो. पंखांचा पसारा १२ मीटर भागिले ७२ म्हणजे १६६.७ मिलिमीटर. लांबी ९.०६ मीटर, म्हणजे १२५.८ मिलिमीटर. पंख्याचा (प्रोपेलरचा) व्यास २.९ मीटर, म्हणजे ४०.३ मिलिमीटर. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा फरक सोडून द्या, तो कोणाला दिसणार नाही. ताम्या या जपानी कंपनीचे १/७२ मधले मॉडेल २१ जुळणीला फार सोपे आहे. एअरफिक्स कंपनीचे स्वस्त आहे, पण त्याच्या पॅनेलरेषा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेषा, रुंद आहेत. ०.१ मिलिमीटरची रेषा म्हणजे खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरची फट, हे लक्षात ठेवले तर अशा रेषा प्रायमरच्या (रंगाआधीच्या अस्तराच्या) एक-दोन जास्तीच्या थरांनी थोड्या बुजवाव्यात हे वेगळे सांगावे लागत नाही.

फोटो कसे वाचायचे

जुन्या कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवायला जाऊ नका. त्या काळातल्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे. अशा फोटोत तांबडा हिनोमारू, म्हणजे तो सूर्यगोल, काळाकुट्ट येतो आणि निळा पट्टा फिकट येतो. फोटो घ्यायचा तो आकारासाठी: पट्टे कुठे सुरू होतात, अक्षरे केवढी आहेत, टाकी लावली आहे का, धुराचा डाग कुठे जातो.

संग्रहालयातल्या विमानांचे फोटो भरपूर मिळतात, पण प्रत्येकाचा नमुना आधी तपासा. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमधले विमान मॉडेल २१ आहे, डेटनच्या अमेरिकी हवाईदल संग्रहालयातलेही तेच. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधले मात्र मॉडेल ५२, ऑकलंडमधले मॉडेल २२. टोकियोत उएनोच्या विज्ञान संग्रहालयातले मूळचे मॉडेल २१ असले तरी युद्धकाळातच त्याचे दोन आसनी रूपांतर झाले होते, त्यामुळे त्याची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचे काचेचे छत, तुमच्या कामाची नाही. उडत्या स्थितीत ठेवलेल्या विमानांत नवे रेडिओ आणि नवी उपकरणे बसवलेली असतात. त्यांच्या कॉकपिटचा रंगही दुरुस्ती करणाऱ्याने निवडलेला असतो.

जपानी विमानांच्या अभ्यासात अकुतान झिरोला तोड नाही. र्यूजो जहाजावरच्या तादायोशी कोगाचे हे विमान जून १९४२ मध्ये अल्युशन बेटांपैकी अकुतानवर दलदलीत उलटले. अमेरिकनांनी ते जवळपास अखंड उचलून सॅन दिएगोला नेले, दुरुस्त करून उडवले आणि त्याचे भरपूर फोटो काढले. तेही मित्सुबिशीनेच बांधलेले मॉडेल २१ आहे, त्यामुळे चाकांची खोबण, पोटाकडची बाजू, शेपटीखालचा हूक अशा एरवी न दिसणाऱ्या जागा तिथे पाहायला मिळतात.

कारखाना कोणता हेही विचारायचे असते. मॉडेल २१ मित्सुबिशीने बांधले, तसेच नाकाजिमानेही. नाकाजिमाच्या विमानांना धडावरच्या सूर्यगोलाभोवती पांढरी कडा असते. पण नाकाजिमाचे उत्पादन सुरू झाले ते नोव्हेंबर १९४१ मध्ये, म्हणून पर्ल हार्बरच्या जहाजांवरची झिरो मित्सुबिशीची धरावीत. सूर्यगोल सहाही जागी बिनकडांचे. डिकॅलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांच्या, कागदावर पांढरी कडा असलेले गोल दिसले तरी ते वापरू नका.

जहाजांच्या खुणा एकदा समजल्या की पाठ होतात. आकागी एक लाल पट्टा, कागा दोन लाल; सोर्यू एक निळा, हिर्यू दोन निळे; शोकाकू एक पांढरा, झुइकाकू दोन पांढरे. पट्टे धडावर, शेपटीच्या पुढे. यांतली कागा सोडून बाकीची पाचही जहाजे एप्रिल १९४२ मध्ये हिंदी महासागरात आली होती. ५ तारखेला कोलंबोवर आणि ९ तारखेला त्रिंकोमालीवर हल्ला झाला. त्याच मोहिमेत ६ तारखेला र्यूजोच्या विमानांनी काकीनाडा आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. आपल्या किनाऱ्याजवळचा विषय हवा असेल तर हेच किट थोड्या वेगळ्या अभ्यासाने त्या तारखेचे करता येते.

कॉकपिट

बहात्तरच्या मापात झिरोचे आसन वाटाण्याएवढे असते, पण डोळा आधी तिथेच जातो. खऱ्या आसनाच्या पत्र्याला वजन कमी करण्यासाठी गोल भोके पाडलेली होती. हे विमान ग्रॅमाग्रॅमने हलके करत नेले होते, त्याचा पुरावा म्हणजे ते आसन. किटमधले आसन बऱ्याचदा भरीव असते आणि अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे मापात साडेतीन सेंटीमीटर. कडा मागून खरवडून कागदासारख्या पातळ करा. भोके फोटोत पाहून आधी सुईने टोचा, मग पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या मुठीत) ०.४ मिलिमीटरचे ड्रिल धरून पाडा. सुईची खूण न करता थेट ड्रिल लावले तर ते घसरते आणि ओळ वाकडी होते.

आसनाचे पट्टे मास्किंग टेपचे करा. ५ सेंटीमीटरचा पट्टा म्हणजे इथे ०.७ मिलिमीटरची फीत. नवी पाती लावून काचेवर कापा, आधी मळकट खाकी रंगवा आणि आसनात सैल पडलेले दिसतील असे वाकवा. बकलसाठी चांदी रंगाचा एक ठिपका पुरतो.

आतला रंग पिवळट हिरवा. ताम्याच्या ॲक्रिलिकमध्ये एक्सएफ-७१ नेमका यासाठीच आहे, मिस्टर कलरमध्ये मित्सुबिशीसाठी १२६ क्रमांक. जुन्या सूचनापत्रकांत सगळा आतला भाग आओताकेने रंगवायला सांगतात. आओताके म्हणजे हिरवा बांबू: गंज रोखण्यासाठी धातूवर दिलेला निळसर हिरवा, पारदर्शक, चमकदार लेप. धडाच्या आत तो होता, पण वैमानिक बसतो तिथे हिरवा रंग होता. आओताके दाखवायचाच असेल तर चांदी रंगावर एक्स-२३ पारदर्शक निळा आणि एक्स-२५ पारदर्शक हिरवा मिसळून पातळ थर द्या. चांदी पूर्ण वाळलेली नसेल तर ती वर उठून सगळे मातकट होते.

उपकरणफलकाच्या वर दोन ७.७ मिलिमीटर मशीनगनची मागची टोके कॉकपिटमध्ये आलेली असतात, त्यांच्यामध्ये "टाइप ९८" हे नेमसाधन. हे दोन काळपट धातूचे ठोकळे विसरलात तर कॉकपिट झिरोचे वाटत नाही. आसनामागे मागच्या काचेखाली दिशाशोधक रेडिओचे कडे असते. जहाजावरच्या विमानांना ते होते. तांब्याची ०.२ मिलिमीटर तार ड्रिलच्या दांड्याभोवती एक वेढा देऊन ते सहज होते. आत एवढे पुरे. मजल्यावरच्या नळ्या आणि आसनाखालचे दांडे करण्यात दोन संध्याकाळी घालवू नका. कॅनॉपी बसल्यावर त्यांतले काही दिसत नाही.

सुईची कामे

बाहेरच्या बारीक नळ्यांसाठी औषधाच्या दुकानातल्या सुया उत्तम. इन्सुलिनची ३१ गेजची सुई बाहेरून ०.२६ मिलिमीटर असते, ती काउलिंगवरच्या मशीनगनच्या नळीसाठी. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला वेग मोजणारी पिटो नळी असते. तिच्यासाठी २६ गेजची सुई, आणि तिच्या पोकळीत ०.२ मिलिमीटरची तार पुढे काढून ठेवली की दोन जाडींची नळी तयार होते. सुई कटरने दाबून तोडू नका, तोंड चपटे होते. काचेवर ठेवून पात्याखाली लाटण्यासारखी पुढे-मागे फिरवा, खाच पडली की मोडा. टोकदार तुकडा लगेच झाकणाच्या डबीत टाका.

ब्रेकची नळी १ सेंटीमीटर जाडीची धरली तर ०.१५ मिलिमीटरची तार लागते. जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार चालते. ती चाकाच्या पायाच्या मागून खाली आणा, पायाचा रंग चमकदार काळा. इंजिनला १४ सिलिंडर, ७-७ च्या दोन ओळी. पुढच्या ओळीच्या ७ सिलिंडरना एकेक ठिणगीची तार दिली की काम झाले. मागची ओळ अंधारातच राहते.

जुळणी

झिरोच्या किटमध्ये पंखाची खालची बाजू बहुधा एकसंध येते आणि पंख धडाला मिळतो तिथे वरून फट राहते. ती पुट्टीने भरली तर घासताना शेजारच्या पॅनेलरेषा जातात. त्याऐवजी सुकी, म्हणजे गोंद न लावता, जुळणी करून पाहा, आणि किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्या काडीचा तुकडा धडाच्या आत आडवा बसवून धड किंचित रुंद करा. बऱ्याच वेळा फट आपोआप मिटते. पंख चिकटवल्यावर दोन्ही टोकांखाली सारखीच पत्त्यांची चळत लावून रात्रभर ठेवा. एका टोकाखाली एक पत्ता जास्त मावला तरी तिरकेपणा पुढून लगेच दिसतो.

कॅनॉपीला फेविक्विक कधीही लावू नका. त्याची वाफ काचेवर पांढरे धुके धरते आणि ते आतून पुसता येत नाही. फेव्हिकॉल लावा: सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चूक झाली तर ओल्या कापडाने निघतो. कॅनॉपी उघडी दाखवायचा मोह आवरा. किटची काच एक मिलिमीटर जाड असेल तर मापात ती सात सेंटीमीटर होते, आणि सरकता भाग मागच्या भागावर बसतच नाही.

रंग

बाहेरचा रंग हा या विमानाचा सगळ्यात वादाचा विषय. बरीच वर्षे ते पांढरट करडे रंगवले जाई. जपानी नौदलाच्या १९४२ च्या एका तांत्रिक अहवालात या रंगाचे वर्णन किंचित "आमे-इरो"कडे झुकणारा करडा असे आहे. आमे-इरो म्हणजे उकळून केलेल्या साखरेच्या गोळीचा रंग. जतन झालेल्या पत्र्यांवरही हिरवट पिवळी झाक आहे. उष्ण प्रदेशातल्या उन्हात हा रंग खडूसारखा पांढरा पडत जाई आणि पांढरट करड्याचा समज त्यातूनच पक्का झाला. डिसेंबर १९४१ साठी ताम्याचा एक्सएफ-७६ घ्या आणि शेवटचा थर अर्धचमकदार ठेवा. पूर्ण मॅट नको. चाकांच्या खोबणीत आणि दारांच्या आतही हाच रंग द्या.

सुकाणू, एलेव्हेटर (आडव्या शेपटीचे हलणारे भाग) आणि एलेरॉन (पंखांचे हलणारे भाग) यांवर पत्रा नसून कापड ताणलेले होते आणि त्यावरची छटा पत्र्यापेक्षा थोडी वेगळी दिसे. मूळ रंगात दहा थेंबांमागे एक थेंब फिकट करडा मिसळून ते भाग वेगळे फवारा. एवढ्यानेच एकरंगी विमान जिवंत वाटायला लागते. काउलिंग शुद्ध काळे नव्हे, निळसर काळे: काळ्यात थोडा गडद निळा. पंख्याची पाती पुढून उघड्या ॲल्युमिनियमची, मागून तांबूस तपकिरी, टोकांना दोन लाल पट्ट्या. संपूर्ण तपकिरी पंखा नंतरचा.

एअरब्रशची तोटी ०.३ मिलिमीटर, हवेचा दाब १५ ते १८ पीएसआय, रंग आणि थिनर निम्मे निम्मे. दूध जितके पातळ, तितका रंग. पृष्ठभाग दाणेदार झाला तर रंग हवेतच वाळतो आहे: थिनर वाढवा किंवा जवळून फवारा. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत लॅकर फवारल्यावर पांढरट दुधी साय धरते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. सावकाश उडणारे लेव्हलिंग थिनर वापरा. साय धरलीच तर घासू नका. कोरड्या दिवशी त्याच थिनरचा एक हलका फवारा द्या, बहुतेक वेळा ती जाते.

डिकॅल

डिकॅलआधी ग्लॉस थर हवाच, एक्स-२२ चालतो. खडबडीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखी चमकते. नंतर काही केले तरी ती जात नाही. हिर्यूचे दोन निळे पट्टे मात्र रंगवलेले बरे. धड मागे निमुळते होत जाते, म्हणून सरळ डिकॅल खाली जुळत नाही, टोके पुढे-मागे होतात. १ मिलिमीटरच्या टेपच्या फिती धडाभोवती ताण न देता फिरवा, टेपच्या कडेवर आधी मूळ करडाच हलका फवारा, मग निळा. कडेखालून झिरपायचे ते करडेच झिरपते, निळ्याची रेघ स्वच्छ राहते. शेपटीवरचा क्रमांक लाल.

झीज दाखवताना हात आवरा

झिरोवर जागोजागी चांदी उघडी पाडणे ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक. सोललेल्या झिरोंचे प्रसिद्ध फोटो दक्षिण पॅसिफिकमधले, १९४३ पासूनचे आहेत, करड्यावर घाईने हिरवा चढवला तेव्हाचे. पर्ल हार्बरला निघालेली विमाने निगा राखलेली होती. वैमानिक चढतो त्या डाव्या पंखाच्या मुळाशी थोडी घासट द्या, तीही राखाडीच. पॅनेलरेषांत काळा वॉश, म्हणजे रेषांत मुरवायचा अगदी पातळ रंग, नको, करडा-तपकिरी इनॅमल पुरे. तो भरपूर ओतू नका, थिनर जोडांमधून आत शिरले की ताणाखालचे प्लास्टिक तडकते. धुराची काजळी प्रत्येक नळीमागून पंखाच्या मुळाकडे पोटाखाली जाते. ती पेस्टल खडूच्या पुडीने, मऊ ब्रशने, एकाच दिशेने द्या. पोटाखाली ३३० लिटरची इंधनटाकी लावा, रंग विमानाचाच. जाताना ती प्रत्येकाला लागलेली होती.

शेवटी एरियल. कॅनॉपीच्या मागच्या भागातून वर आलेल्या लाकडी खांबापासून उभ्या शेपटीच्या टोकापर्यंत एकच तार. खरी तार २-३ मिलिमीटरची, म्हणजे इथे ०.०४. चौकटीची काडी मेणबत्तीवर मऊ करून ओढली की केसाहून बारीक धागा निघतो. तो एका टोकाला चिकटवून तासभर थांबा, मग दुसरे टोक लावा. किंचित सैल राहिला तर विझवलेल्या उदबत्तीचे गरम टोक धाग्याखालून एकदा, न टेकवता फिरवा. तो स्वतःच ताणून सरळ होतो. टेकले तर तुटेल, म्हणून जवळ दुसरा धागा ओढून तयार ठेवा.